आरसी ट्रकचं स्टिअरिंग रिपेअर: या कामात नवीन येणाऱ्यांसाठी

आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलच्या गाड्यांच्या रिपेअरिंगमध्ये यायचं असेल तर सुरुवात स्टिअरिंगपासून करा, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मोटर गेली की मोटर बदलायची, विषय संपला, पण स्टिअरिंगमध्ये मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक आणि रिमोटची सेटिंग असं तिन्ही एकदम हाताखालून जातं आणि त्यातच माणूस खरा तयार होतो. मी डिप्लोमा मेकॅनिकल करून पुण्यात हेच काम करतोय आणि खाली जे लिहितोय ते मुख्यतः १/१० स्केलचे (खऱ्याच्या दहाव्या भागाएवढे) ट्रक डोळ्यासमोर ठेवून, म्हणजे शॉर्ट कोर्स आणि मॉन्स्टर ट्रक, दोन-तीन किलोच्या गाड्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जो पार्ट तुटलाय तोच दोषी असेल असं नाही. चाक दगडावर किंवा फुटपाथच्या कडेला आपटलं की तो धक्का चाकातून ॲक्सलला, तिथून नकलला (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो पार्ट), नकलमधून टाय रॉडला (नकलला ओढणारी दांडी), मग बेलक्रँकला (सर्व्होचा जोर दोन्ही टाय रॉडला देणारा फिरता आर्म), मग सर्व्हो सेव्हरला आणि सगळ्यात शेवटी सर्व्होच्या, म्हणजे स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या डबीच्या, गिअरला जातो. या रस्त्यात धक्का जिरवायची जागा एकच ठेवलेली असते, ती म्हणजे सर्व्हो सेव्हर. त्यात स्प्रिंग असते, धक्का बसला की सेव्हर क्षणभर उघडतो, चाक वळतं पण सर्व्हो जागेवर राहतो आणि परत सगळं सरळ होतं. म्हणजे घरातल्या फ्यूजचं जे काम तेच याचं. आता हा सेव्हर जाम असेल तर धक्का जाणार कुठे? या रस्त्यात जो पार्ट कमजोर असेल तो तुटणार.

एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे गाडी घेऊन यायचा, दर वेळी डाव्या बाजूचं नकल तुटलेलं, आणि एकदा म्हणाला की दादा आता ॲल्युमिनियमचंच टाका, कटकट नको. मी म्हटलं थांब, आधी पुढचं सगळं उघडून बघू. सेव्हर काढला तर त्याच्या दोन्ही आर्मच्या मधे लाल माती वाळून अशी घट्ट बसलेली की स्प्रिंग दबायलाच जागा नाही, पावसात चालवलेली गाडी धुतली होती पण वरवर. सर्व्होचे गिअर मेटलचे होते म्हणून ते वाचले आणि सगळा मार नकलने खाल्ला. टूथब्रशने माती काढली, वाळवलं, साधं नायलॉनचं नकल टाकलं. त्यानंतर ती गाडी नकलसाठी माझ्याकडे आलेली नाही.

ॲल्युमिनियमबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नकलला ते नको. नायलॉन वाकतं आणि परत येतं, ॲल्युमिनियम वाकलं की तसंच राहतं, डोळ्याला दिसणार नाही एवढंच वाकतं पण बेअरिंग जड फिरायला लागतं आणि धक्का पुढे सी-हबला (नकलला धरून ठेवणारा सी आकाराचा पार्ट) नाहीतर सस्पेन्शन आर्मला जातो, जे बदलायला जास्त वेळ आणि जास्त पैसे. बेलक्रँक मात्र बेअरिंगवाला ॲल्युमिनियमचा टाकला तर चालतो, तिथे झीज हाच मोठा प्रॉब्लेम असतो आणि धक्का घ्यायला सेव्हर असतोच. आणि एक, नवीन नायलॉनचा पार्ट कोरडा असेल तर ठिसूळ असतो, तो पाण्यात उकळून घेतला की पाणी शोषतो आणि चिवट होतो. हे फक्त नायलॉनला आणि बेअरिंग काढून, नाहीतर बेअरिंगची वाट लागेल.

आता तपासायचं कसं. गाडी स्टँडवर ठेवा, पुढची चाकं हवेत, मोटरच्या वायर काढून ठेवा म्हणजे अचानक पळणार नाही. आधी रिमोट ऑन मग गाडी ऑन, बंद करताना उलटं, ही सवय पहिल्या दिवसापासून. पॉवर चालू असताना दोन्ही चाकं हातात धरून हळू डावी-उजवीकडे हलवा आणि नजर सर्व्होच्या हॉर्नवर (सर्व्होच्या शाफ्टवर बसवलेला छोटा आर्म) ठेवा. चाक हलतंय पण हॉर्न स्थिर असेल तर ढिलाई मधल्या कुठल्यातरी जोडात आहे किंवा सेव्हर मऊ पडलाय, मग प्रत्येक जोडावर बोट ठेवून परत हलवा, जिथे ढिलाई आहे तिथे बोटाला बरोबर टकटक लागते. हॉर्नच हलतोय आणि आतून कर्रकर्र येतंय तर गिअरचे दाते गेले. हॉर्न आपोआप थरथरत असेल तर आधी रिसीव्हरमधली (रिमोटचा सिग्नल घेणारा गाडीतला बोर्ड) सर्व्होची पिन काढून नीट बसवा, बॅटरी चार्ज आहे का बघा, आणि मग सर्व्होच्या आतल्या पॉटवर (शाफ्ट किती वळलाय ते सांगणारा सेन्सर) संशय घ्या.

नवीन मुलं सगळ्यात जास्त अडकतात ते हॉर्न बसवताना. सर्व्हो बदलला, स्क्रू कसले, आणि मग गाडी एका बाजूला जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. कारण सर्व्हो सेंटरला नव्हता. हॉर्न लावायच्या आधी सर्व्हो रिसीव्हरला जोडा, रिमोटचं ट्रिम आणि सब-ट्रिम (मध्य थोडा इकडे-तिकडे सरकवायच्या सेटिंग) शून्यावर आणा, सर्व्हो स्वतःच मध्यावर म्हणजे १५०० मायक्रोसेकंदच्या पल्सवर (रिसीव्हरच्या सिग्नलवर) येऊन उभा राहील, आणि मग हॉर्न बसवा. २५ दात्यांच्या शाफ्टवर एक दाता पुढे-मागे झाला की १४.४ अंशाचा फरक पडतो, ट्रिमने एवढं ओढत बसायचं नाही, एक दाता फिरवून बसवायचा आणि उरलेलं सब-ट्रिमने. फुताबा कंपनीच्या पद्धतीच्या सर्व्होला २५ दाते असतात, हायटेक कंपनीच्या बऱ्याच सर्व्होला २४, हॉर्न दिसायला सारखाच असतो पण चुकीचा ठोकून बसवला तर दाते घासून जातात, म्हणून मागवताना आधी मोजा.

मग एन्ड पॉइंट, म्हणजे सर्व्हो प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त किती वळेल त्याची मर्यादा. चाक पूर्ण वळून सी-हबला टेकलं तरी सर्व्हो अजून ढकलतोय, गुंऽऽ असा आवाज येतोय, तर तो तिथेच गरम होऊन जळणार. रिमोटमध्ये एन्ड पॉइंट कमी करत आणा, आवाज बंद झाला की अजून थोडंसं कमी करून थांबा. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं करायचं.

मोठ्या टॉर्कचा, म्हणजे वळवायचा जोर जास्त असलेला, सर्व्हो टाकल्यावर गाडी वळेनाशी झाली, ही तक्रार पण येणार. २० किलो टॉर्कचा सर्व्हो घेतला आणि सेव्हरची स्प्रिंग मात्र जुन्या छोट्या सर्व्होसाठीची, मग सर्व्होने जोर लावला की चाक वळण्याऐवजी सेव्हरच उघडतो. माणूस म्हणतो सर्व्हो डुप्लिकेट निघाला, पण सर्व्हो बिचारा चांगला असतो, स्प्रिंग कडक टाकायची किंवा सेव्हरला नट असेल तर तो थोडा कसायचा. पूर्ण कसून मारू नका, मग तो सेव्हर राहत नाही. आणि मोठा सर्व्हो करंटही जास्त खातो, जोरात वळवताना गाडी क्षणभर मेल्यासारखी होत असेल तर स्पीड कंट्रोलरचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारा भाग) कमी पडतोय, वेगळा बीईसी लावून द्या.

खेळण्यातल्या स्वस्त ट्रकमध्ये पाच वायरचा सर्व्हो असतो, दोन मोटरच्या आणि तीन पॉटच्या, त्याचं डोकं, म्हणजे त्याला चालवणारं सर्किट, रिसीव्हर बोर्डवर असतं. तिथे आपला नेहमीचा तीन वायरचा चालत नाही, तसाच पाच वायरचा मिळवा नाहीतर सगळं इलेक्ट्रॉनिक्स बदलायची तयारी ठेवा. गिऱ्हाइकाला हे काम हातात घ्यायच्या आधीच सांगा, खर्च ऐकून बरेच जण थांबतात आणि त्यात काही गैर नाही.

हात कसा चालवायचा तेही सांगतो. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, हलकीशी टक होऊन स्क्रू जुन्या आट्यात बसतो, मग हाताने कसा. ड्रिल मशीन लावून कसलं की नवे आटे पाडत जातो आणि दोन-तीन वेळेत भोक रिकामं. थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत धातू असेल तिथे, निळा, प्लास्टिकला लागला तर पार्ट तडकू शकतो. थ्रेडलॉकने अडकलेला स्क्रू निघत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरा, गरम झाला की सुटतो. हेक्सचे ड्रायव्हर चांगल्या पोलादाचे घ्या, १.५, २ आणि २.५ एमएम, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, कारण डोकं गोल झालेला स्क्रू काढण्यात जो अख्खा तास जातो त्याचे पैसे कोणी देत नाही. टाय रॉड काढायच्या आधी वर्नियरने लांबी मोजून वहीत लिहा. टाय रॉड टर्नबकल (फिरवून लांबी बदलता येणारा रॉड) असेल तर त्याला एका बाजूला डावे आणि एका बाजूला उजवे आटे असतात, न काढता फिरवून लांबी बदलता येते, पण दोन्ही बाजूंना एकाच दिशेने बसवलेत ना ते बघा, नाहीतर नंतर गोंधळ. रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा, बॉलवर बसणारा प्लास्टिकचा कप) बॉलवरून हाताने सहज निघत असेल तर तो संपलाय, परत दाबून गाडी देऊ नका.

पार्ट बाहेरून मागवायला लागतात, कस्टममध्ये कधीकधी आठवडे जातात, म्हणून नकल, रॉड एंड, किंगपिनचे स्क्रू (नकल ज्यावर फिरतं ते) आणि ५ बाय ११ बाय ४ एमएमची बेअरिंग एवढं कायम डब्यात ठेवा. कोकणातून किंवा गोव्यातून बीचवर चालवून आलेली गाडी असेल तर बेअरिंग तपासायला वेळ घालवू नका, सरळ गिऱ्हाइकाला विचारून बदला.

गाडी देण्याआधी मोकळ्या जागेत अर्ध्या स्पीडला इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा, दोन्ही बाजूंचा वळणाचा घेर सारखा येतोय का बघा, मग गाडी सरळ सोडून स्टिअरिंगवरचा हात काढा, सरळच जातेय का बघा. बेंचवर परत आणून सर्व्होला बोट लावा, कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर एन्ड पॉइंट परत बघायचा. आणि गिऱ्हाइकाला सांगा की पहिली बॅटरी संपली की पुढचे सगळे स्क्रू एकदा हाताने तपास.