जत्रेतल्या नाटकाचं वेबपान सजवायचंय? सीएसएस इथून सुरू करा

आपल्या गोव्यात जत्रा म्हटली की रात्री नाटक आलंच, आणि हल्ली मंडळाची पोरं तारीख, कलाकार, फोटो असं सगळं वेबवरही टाकतात, पण पान उघडलं की काळा मजकूर डाव्या कडेला चिकटलेला आणि फोटो वाट्टेल तेवढे मोठे. म्हणजे एचटीएमएल (पानावर काय काय आहे ते) झालंय, सीएसएस (ते कसं दिसावं ते) राहिलंय.

स्टाइल डॉट सीएसएस अशी वेगळी फाइल करा आणि हेडमध्ये लिंक टॅगने जोडा. टॅगाटॅगात स्टाइल कोंबू नका, रंग बदलायचा झाला की प्रत्येक पान उघडत बसावं लागतं.

नियमाची रीत एकच. आधी सिलेक्टर, म्हणजे नियम कशाला लावायचा ते, मग महिरपी कंसात प्रॉपर्टी (काय बदलायचं), कोलन, व्हॅल्यू (किती किंवा कसं), सेमीकोलन. मधला सेमीकोलन राहिला तर ती ओळ आणि तिच्या खालचीही वाया जाते, आणि ब्राउझर पानावर काहीच सांगत नाही. क्लास म्हणजे अनेक टॅगांना देता येणारं नाव, आयडी म्हणजे एकाच टॅगाचं. क्लासच्या आधी टिंब, आयडीच्या आधी हॅश. सुरुवातीला क्लासच वापरा, आयडीचा नियम क्लासला दाबतो आणि मग रंग का बदलत नाही ते कळत नाही.

आता मराठीचं, हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा मिळत नाही. बॉडीला मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावा आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. नुसता आकडा लिहा, पिक्सेल नको, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळींमधलं अंतरही आपोआप वाढतं. आणि हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) अजिबात देऊ नका, शिरोरेषा तुटते, 'नाट्यप्रयोग' लिहिलेलं सुटं सुटं दिसतं, बघवत नाही.

फोटो आपल्या जागेबाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांना मॅक्स-विड्थ (जास्तीत जास्त रुंदी) १०० टक्के द्या, झालं.

सगळ्यात जास्त घोळ बॉक्सचा, म्हणजे प्रत्येक घटकाभोवतीच्या चौकटीचा. पॅडिंग ही बॉर्डरच्या आतली मोकळी जागा, मार्जिन बाहेरची. कलाकाराच्या कार्डाला विड्थ ३०० पिक्सेल, पॅडिंग २० आणि बॉर्डर १ दिली तर कार्ड ३४२ होतं, कारण दोन्ही बाजूंचं पॅडिंग आणि बॉर्डर वर धरतात, आणि विड्थ १०० टक्के असेल तर मोबाइलवर पान आडवं सरकायला लागतं. म्हणून फाइलच्या अगदी वर स्टार सिलेक्टरला (*, म्हणजे सगळ्याच घटकांना) बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लिहून टाका, मग ३०० म्हणजे ३००च.

काही बिघडलं तर त्या जागेवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, कुठला नियम खोडलेला दिसतोय ते बघा, तिथेच आकडे बदलून बघा, पण जमलं की लगेच फाइलमध्ये उतरवा, रिफ्रेश केलं की तिथलं सगळं जातं.