गाडीचा मागचा दिवा: बल्ब बदलताना आणि नंतर

कारखाने सुरू झाले की बीड-लातूरच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात. पुढचा चालक अचानक ब्रेक दाबतो तेव्हा मागच्याला कळायला एवढा लाल दिवाच असतो. म्हणून महिन्यातून एकदा घरच्या कुणालातरी मागे उभं करून ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स सगळं तपासा.

बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि टेललाइटला मिळून १२ व्होल्टचा, २१/५ वॉटचा, आत पेटणाऱ्या दोन तारा (फिलामेंट) असलेला एकच बल्ब असतो. लाइट बंद करा, डिकी उघडा, दिव्याचे दोन स्क्रू काढा आणि दिवा सरळ मागे ओढा. तिरका ओढला तर आतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटतात. होल्डर डावीकडे फिरवून काढा. बल्ब दाबून, फिरवून सुटतो. त्याच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात. बसत नसेल तर जोर लावू नका, अर्धा फेरा फिरवून बघा.

नवा बल्बही लागत नसेल तर होल्डरमधली हिरवा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा. ब्रेक दाबल्यावर शेजारचा इंडिकेटर मंद पेटला, तर दोष बहुधा अर्थिंगचा, म्हणजे दिव्यापासून गाडीच्या बॉडीला जाणाऱ्या जोडणीचा. बल्ब बदलून पैसे घालवू नका. सगळेच ब्रेकलाइट गेले असतील तर आधी फ्यूज, मग पेडलवरचा स्विच.

काळ्या मातीची धूळ दिव्याच्या काचेवर असताना कोरडं फडकं मारू नका, ओरखडे पडतात. आधी पाणी ओता. आत वाफ साचून राहत असेल तर रबरी गास्केट बदला.