शिकारीचं मांस स्मोकरमध्ये: हरणाचा खांदा कोरडा पडू न देता

पाळीव जनावराच्या मांसात स्नायूंच्या आत चरबीच्या बारीक रेषा असतात आणि तासन्‌तास धुरात ठेवलं तरी त्या ते ओलं राखतात. हरणाच्या मांसात ही चरबी जवळजवळ नसतेच. शिवाय खांदा आयुष्यभर राबलेला स्नायू, त्यात जोडऊती (स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू) भरपूर. तो झटपट शिजवला तर वातड होतो, आणि नुसताच उघड्यावर तासन्‌तास ठेवला तर भुशासारखा. म्हणून स्मोकरमध्ये, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस शिजवणाऱ्या बंद भट्टीत, आच मंद हवी, चरबी बाहेरून द्यावी लागते आणि वेळेवर झाकण घालावं लागतं.

दोन किलोचा हाडासकट खांदा घ्या. आधी धारदार पातळ सुरीने वरचा चंदेरी पापुद्रा सोलून काढा, कारण तो शिजून कधीच मऊ होत नाही. हरणाची स्वतःची चरबीही काढून टाका. ती थंड होताच मेणासारखी टाळूला चिकटते आणि लोक ज्याला ‘उग्र वास’ म्हणतात तो बराचसा तिच्यातूनच येतो. बंदुकीच्या शिकारीत जखमेभोवतीचं काळं-निळं मांस सढळ हाताने कापून टाका आणि छर्रे किंवा गोळीचे तुकडे राहिले नाहीत ना, हे बोटांनी चाचपून पाहा.

वजनाच्या दीड टक्का, म्हणजे ३० ग्रॅम मीठ सगळीकडे चोळा, भरडलेली मिरी लावा आणि फ्रिजमध्ये १२ ते २४ तास उघडं ठेवा. मीठ आत मुरतं, मांस रस धरून ठेवतं आणि पृष्ठभाग कोरडा होतो. बाहेरून पाणी सुटलेलं मांस स्मोकरमध्ये घातलं तर धूर डाग पडल्यासारखा कुठे जास्त, कुठे कमी बसतो.

स्मोकर ११० ते १२० अंश सेल्सिअसवर स्थिर करा, आत पाण्याचं भांडं ठेवा. लाकूड सफरचंद किंवा चेरीसारख्या फळझाडाचं, नीट वाळलेलं. पाइनसारखं राळेचं लाकूड अजिबात नको. मांस आत घालण्याआधी धूर पाहा. विरळ, निळसर धूर हवा. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, आणि त्याचा कडूपणा मांसावर बसला की निघत नाही. अशा वेळी लाकूड वाढवू नका, हवेची झडप उघडा.

खांद्यावर डुकराच्या चरबीचे पातळ काप किंवा बेकन पसरा आणि प्रोब (तापमापकाची टोकदार सळई) हाडाला न टेकता सर्वांत जाड भागात खुपसा. पहिले तीनेक तास धूर द्या, पुढे नुसती आच पुरते. आतलं तापमान ७० च्या आसपास आलं की खांदा दुहेरी फॉइलमध्ये गुंडाळा, सोबत १५० मिलिलिटर रस्सा आणि दोन चमचे लोणी. गुंडाळण्याआधी इथे तापमान बराच वेळ हलत नाही, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. घाबरून आच वाढवू नका. गुंडाळल्यावर हे बाष्पीभवन थांबतं आणि जोडऊतीतल्या कोलॅजन या चिवट प्रथिनाचं मऊ जिलेटिन होऊ लागतं.

९३ ते ९५ अंशांवर काटा सहज आरपार जायला हवा. जात नसेल तर तापमान काहीही दाखवो, आणखी अर्धा तास द्या. एकूण ६ ते ९ तास धरा. मग गुंडाळलेलाच तासभर मुरू द्या आणि फॉइलमधला रस सुटलेल्या धाग्यांत कालवा.

पाठीच्या मऊ मांसाला ही रीत लावू नका. त्यात जोडऊती कमी, त्यामुळे जास्त वेळ म्हणजे नुसता कोरडेपणा. अन्नसुरक्षेचा सल्ला शिकारीच्या मांसाला ७१ अंशांचा आहे. पाठीचं मांस तिथे पोचताच उतरवा, एक अंशही पुढे नको, आणि पातळ काप करा.

रानडुकराच्या बाबतीत तर ७१ च्या खाली तडजोड नाहीच. त्यात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो, आणि वन्य प्राण्यांतले त्याचे काही प्रकार गोठवूनही मरत नाहीत. रंगावरून ठरवू नका: धुरातल्या वायूंमुळे पूर्ण शिजलेलं मांसही कडेला गुलाबी राहतं आणि कच्चं असल्यासारखं भासतं. रानबदक असेल तर ७४ पर्यंत न्या.