गडी पारखण्याआधी ओझं मोजा

"दणकट माणूस बघा" एवढं मुकादमाला सांगितलं की झाली भरती, ही आपल्याकडची रीत. मार्केट यार्डातला गाळा असो, भोसरीतली फॅब्रिकेशनची शेड असो की चाकणचं गोडाऊन, कमरेत उसण भरते ती बहुतेकदा गडी लेचापेचा म्हणून नव्हे. ओझं जमिनीवरून उचलावं लागतं, कमरेतून वळून ठेवावं लागतं आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जुन्यांच्या वेगाने पळवलं जातं, म्हणून. तेव्हा भरतीची सुरुवात कामापासून करा.

वजनकाटा, टेप आणि वही घेऊन गोडाऊनमध्ये उभे राहा. प्रत्येक कामाची नोंद करा: नगाचं वजन, उचलताना हात जमिनीपासून किती उंचीवर असतात, ठेवताना किती, ओझं घेऊन किती पावलं चालावं लागतं आणि तासाला किती नग हलतात. छापील वजनावर विसंबू नका. ओल धरलेली गोणी जड भरते, म्हणून जुलैत पुन्हा काटा करा.

आता हे आकडे ताडून बघा. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनाप्रमाणे पुरुषाने ओझं अंगालगत धरून उचलायचं तर हात खाली सोडल्यावर मूठ येते त्या उंचीला 25 किलो, गुडघ्याच्या उंचीला 20 आणि जमिनीलगत फक्त 10. बाईसाठी हेच आकडे 16, 13 आणि 7. हात लांबवून उचललं तर जमिनीलगतचे 10 थेट 5 वर येतात. हा हिशेब तासाला साधारण 30 वेळा उचलण्याचा आहे; मिनिटाला पाच-आठ वेळा उचलायचं असेल तर आकडे निम्मे करा. दोघांनी मिळून उचललं तरी ताकद दुप्पट होत नाही. दोघांच्या बेरजेचा दोन-तृतीयांश धरतात, म्हणजे 33 किलोच्या आसपास.

म्हणजे 50 किलोचं पोतं या हिशेबात दोघांनाही बसत नाही. एकेकाळी 100 किलोची पोती पाठीवर वाहिली जात, त्यामानाने 50 बरं वाटतं एवढंच. ते बंद करणं आज तुमच्या हातात नसेल, तर निदान जमिनीवरून उचलणं बंद करा. रिकामं लाकडी पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) साधारण 15 सेंटीमीटर उंच असतं. तीन एकावर एक ठेवली की थप्पी गुडघ्यापासून सुरू होते. एवढा बदल चार गडी वाढवण्यापेक्षा स्वस्त आहे. पोतं उचलून पाठीवर द्यायला दोघे, न्यायला एक, ही जुनी पद्धत मोडू नका. थप्पी खांद्याच्या वर नेऊ नका. टेम्पोला लावायच्या फळीला वरच्या टोकाला हौद्यात अडकणारे हूक आणि अंगावर आडव्या पट्ट्या हव्यातच. ओल्या फळीवर पाय घसरला की ओझ्यासकट माणूस खाली येतो. आणि ते कमरेचे रुंद पट्टे घाऊक आणून वाटू नका. निरोगी कामगाराची दुखापत त्यांनी टळते असं सिद्ध झालेलं नाही, उलट गडी जास्त उचलायला धजावतो.

मग भरती. मजूर अड्ड्यावरून माणूस आणा नाहीतर जाहिरात द्या, काम आकड्यात सांगा: "20 किलोचे क्रेट, कमरेच्या उंचीवर, तासाला 30, आठ तास." निम्मे नको ते अर्ज तिथेच गळतात. वयाचा पुरावा बघा, अशा कामाला 18 च्या खालचं कुणी नको. काम द्यायचं ठरल्यावर डॉक्टरकडे पाठवा, पण सोबत वहीतलं ते पान द्या. डॉक्टरला काम माहीत नसेल तर "फिट" या शिक्क्याला काही अर्थ नाही. उत्तर तीनपैकी एक मागा: योग्य, अमुक मर्यादेत योग्य, किंवा अयोग्य. पाठीचा एक्स-रे सरसकट काढू नका. पुढे कुणाची कंबर दुखेल हे त्यात दिसत नाही. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला 2017 च्या कायद्याने बंदी आहे.

रक्तदाब 160/100 च्या वर नसेल तर खऱ्या कामाचीच 15 मिनिटांची चाचणी घ्या, तेच क्रेट, तीच उंची, सगळ्यांना सारखी. "पूर्वी कधी पाठ दुखली होती का" हे विचारून माणूस कापू नका. एकदा ती बातमी पसरली की पुढचा प्रत्येक जण लपवतो, आणि लपवलेली कंबर दुसऱ्या आठवड्यात जाते.

नव्या गड्याला एप्रिल-मेच्या उन्हात पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या 20 टक्केच द्या, रोज 20 टक्के वाढवा, पाचव्या दिवशी पूर्ण. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी. यात खरी अडचण उक्त्या कामाची आहे: नगावर पैसे मिळणारा माणूस ना पाण्याला थांबतो ना दमाला. म्हणून पहिला आठवडा रोजंदारीच द्या.

कंबर धरलीच तर काम तिथेच थांबवा, वेळ आणि नग लिहून ठेवा. दोन्ही पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर वाट न बघता थेट रुग्णालय. तसं काही नसेल तर पूर्ण झोपून राहण्यापेक्षा मोजणी, पावत्या अशी हलकी कामं बरी.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतं. कामावरच्या दुखापतीने घरी बसावं लागलं तर पगाराच्या 90 टक्के मिळतात, आणि पुण्यात बिबवेवाडी व चिंचवडच्या मोहननगरला त्यांची रुग्णालयं आहेत. माणसं दहापेक्षा कमी असतील तर भरपाई तुमच्या खिशातून जाते, तेव्हा डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगाराच्या भरपाईचा विमा, काढा. ती घेताना ठेकेदाराची माणसंही त्यात धरली आहेत ना आणि पगाराचा आकडा खरा लिहिलाय ना, हे तपासा. दावा बहुधा इथेच अडतो.