खोकणाऱ्या बाळाचे श्वास कसे मोजावेत

सर्दी, खोकला, थोडी कणकण. हे नेहमीचंच की दवाखान्यात न्यायला हवं, हा प्रश्न नेमका रात्री पडतो. अशा वेळी थर्मामीटरपेक्षा बाळाच्या पोटाकडे बघा.

आधी बाळाला शांत होऊ द्या. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. झोपलं असेल तर उत्तम. झबलं छातीच्या वर सरकवा, दिवा लावा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर वेळ लावून पुरता मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका. तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच रेंगाळतो, मग भराभर चालतो.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन महिन्यांच्या आतल्याचे पुन्हा मोजा. परत साठ भरले तर थेट रुग्णालय गाठा. हे कुणालाही जमतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी निरक्षर दायांसाठी मण्यांचं श्वास मोजायचं साधन केलं होतं.

मग फासळ्या बघा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, बाळ कण्हतंय, ओठ निळसर झालेत, दूध ओढत नाही किंवा हलवूनही जागं होत नाही? मग आकडा कितीही असो, १०८ लावा. 'पोट उडतंय, डबा झालाय', म्हणजे पोटाचा आजार झालाय, असं समजून पोटाला चटक्याचे डाग देऊ नका, कुणाला देऊ देऊ नका. मेळघाटातून तापल्या विळ्याने चटके दिल्याच्या बातम्या अजूनही येतात. दुखणं छातीत असतं आणि भाजतं ते पोट.

दाखल केल्यावर बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो. तान्ह्या बाळांत बऱ्याचदा कारण आरएसव्ही हा विषाणू असतो, कधी इन्फ्लुएंझा. जिवाणूंपैकी मुख्य न्यूमोकोकस. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणून नुसता ऑक्सिजन आणि सलाईन दिसलं तरी 'औषधच देत नाहीत' असं समजू नका. 'विषाणूचा वाटतो की जिवाणूचा?' हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. सर्दी झालेल्या पाहुण्यांना वॉर्डाबाहेरच थांबवा, अगदी आजी असली तरी. बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

घरी सोडताना लसीकरणाचं कार्ड काढा. न्यूमोकोकसची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना मोफत मिळते. एखादा डोस राहिला असेल, तर तो कधी द्यायचा हे तिथेच विचारून घ्या.