छोट्या कार्यालयाची दूरध्वनी यंत्रणा : विक्रेत्याला बोलावण्याआधीची तयारी

कोटेशन मागवण्यापूर्वी दूरध्वनीपाशी एक वही ठेवावी आणि सलग दोन आठवडे प्रत्येक कॉलची वेळ, तो कोणासाठी होता, कोणी उचलला आणि समोरच्याला किती ताटकळावे लागले, याची नोंद करावी. हे दोन आठवडे गर्दीचेच निवडावेत. करसल्लागाराच्या कार्यालयाने जुलैतली विवरणपत्रांची धांदल सोडून एप्रिलमध्ये नोंदी केल्या, तर त्यांतून काहीच हाती लागणार नाही. या वहीतून कळायला हवे ते एवढेच, की एकाच वेळी जास्तीत जास्त किती कॉल चालू असतात, कारण लाइनींची संख्या माणसांवर नव्हे तर त्या आकड्यावर ठरते. आमच्या दहा जणांच्या कार्यालयात हा आकडा तीनच्या वर क्वचितच गेला, आणि विक्रेत्याने मोठ्या आग्रहाने सुचवलेली तीस चॅनेलची पीआरआय लाइन, म्हणजे एकाच जोडणीवर एकाच वेळी तीस कॉल चालवणारी लाइन, तिथेच बाद झाली.

त्यानंतर नंबरचा विचार करावा, आणि तो यंत्राच्या आधी करावा. मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर 2011 पासून आहे, परंतु लँडलाइनला ती सोय नाही. त्यामुळे पाटीवर, लेटरहेडवर आणि बिलबुकावर वर्षानुवर्षे छापलेला नंबर टिकवायचा असेल, तर सध्याच्या कंपनीकडूनच तो नव्या जोडणीवर चालू राहील काय, हे लेखी घ्यावे. तोंडी होकारावर जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज देऊ नये. याच्या उलट चूकही सर्रास होते : एखाद्या सहकाऱ्याचा खासगी मोबाइल नंबर कार्यालयाचा म्हणून रूढ होतो आणि तो नोकरी सोडतो त्या दिवशी निम्मे ग्राहक त्याच्याबरोबर जातात. असे सिम संस्थेच्या नावावर करून घेण्याचे काम यंत्रणा येण्याच्या आधीच उरकावे.

यंत्रणेचे ढोबळमानाने तीन प्रकार समोर येतात. बाहेरच्या तीन लाइन आणि आतले आठ फोन (एक्स्टेंशन) एकमेकांना जोडणारा साधा ईपीएबीएक्स बॉक्स भिंतीवर बसतो, जुन्याच वायरिंगवर चालतो आणि गावातला मेकॅनिक तो दुरुस्त करू शकतो. आयपी यंत्रणेत फोन संगणकाच्या नेटवर्कवर चालतात. क्लाउडमध्ये यंत्रणा इंटरनेटवर, कंपनीच्या सर्व्हरवर चालते, कार्यालयात बॉक्सच नसतो, दरमहा प्रत्येक वापरकर्त्यामागे भाडे असते, आणि बाहेरगावी असलेल्या माणसाच्या मोबाइलवरही कार्यालयाचा कॉल वळवता येतो. सगळेजण एकाच छताखाली बसत असतील, तर पहिला प्रकार जुनाट म्हणून नाकारण्याचे मला कारण दिसत नाही.

आयपी किंवा क्लाउडकडे कल असेल, तर इंटरनेटची परीक्षा आधी घ्यावी. आवाज डिजिटल करण्याच्या नेहमीच्या जी.711 पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण 90 केबीपीएस लागतात. म्हणजे पाच कॉल चालू असले तरी अर्धा एमबीपीएसही पुरतो. अडचण वेगाची नसून सातत्याची असते. कोणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की आवाज तुटू लागतो, म्हणून राउटरमध्ये फोनला प्राधान्य देण्याची सोय आहे काय हे पाहावे. एका बाजूचाच आवाज ऐकू येत असेल, तर बहुधा राउटरमधील सिप एएलजी नावाची, इंटरनेटवरच्या कॉलच्या माहितीत फेरफार करणारी सोय नडते. ती बंद करून पाहावी.

विजेचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्याजोगा आहे. तांब्याच्या तारेवरील फोनला एक्स्चेंजकडूनच 48 व्होल्ट मिळत, त्यामुळे कार्यालयात अंधार असला तरी घंटी वाजत असे. फायबर आल्यावर ती सवलत संपली. आता फायबरचा डबा, राउटर, नेटवर्कच्या तारा जोडणारा स्विच आणि मुख्य यंत्र या चौघांपैकी एकाचीही वीज गेली की सगळेच मुके होते. आमच्याकडे तिघांना इन्व्हर्टर जोडला होता आणि फायबरचा डबा तेवढा साध्या पॉइंटवर राहिला होता. हे लक्षात यायला वीज जावी लागली. कोणते उपकरण कोणत्या पॉइंटवर आहे, ते कागदावर काढून घ्यावे. जोडीने अर्थिंगही तपासून घ्यावे, कारण वळवाच्या पावसात वीज कडाडली की तारेतून येणारा झटका ईपीएबीएक्सचे लाइन कार्ड जाळू शकतो. लाइनवर सर्ज प्रोटेक्टर बसवण्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून मागावा.

डायलिंगचे नियमही आधी ठरवावेत. पूर्वी एसटीडी रोखण्यासाठी बॉक्समध्ये शून्याला कुलूप लावण्याची पद्धत होती. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले, आणि त्या सकाळी आमच्या एकाही एक्स्टेंशनवरून मोबाइल लागेना. बाहेरची लाइन घेण्यासाठीही शून्यच असेल, तर दोनदा शून्य दाबावे लागते. ते बदलून नऊ करून घेतलेले बरे. आयएसडी गरज नसेल तर बंदच ठेवावे.

सिप लाइन, म्हणजे इंटरनेट जोडणीवरून चालणारी फोन लाइन, परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल अशा कंपनीला वगळून स्थानिक लाइनवर वळवणे बेकायदा आहे, मग ते सुचवणारा कितीही स्वस्तात देवो. कॉल रेकॉर्ड करायचे असल्यास समोरच्याला तसे सुरुवातीलाच सांगणारे वाक्य कॉल लागताच ऐकू येणाऱ्या स्वागतसंदेशात घालावे. हा स्वागतसंदेश मराठीत, दहा-बारा सेकंदांत आटोपणारा असावा आणि त्याचा मजकूर आपणच लिहून द्यावा, अन्यथा विक्रेत्याकडचा तयार, लांबलचक संदेश गळ्यात पडतो.

बिलाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी विजेचा मुख्य स्विच बंद करून बाहेरून फोन लावून पाहावा, एकाच वेळी तीन मोबाइलवरून कॉल करावेत, आणि कार्यालय बंद झाल्यावरचा कॉल कोठे जातो तेही तपासावे. यंत्राचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. नवा पासवर्ड आणि प्रोग्रॅमिंगची छापील प्रत वार्षिक देखभाल कराराच्या फाइलमध्ये, आपल्या कपाटात ठेवावी.