डायनासोरचा सांगाडा कसा पाहावा : सुरुवात कमाटीबागेतून

मुलांना घेऊन आपण संग्रहालयात जातो, सांगाड्यासमोर उभे राहून छायाचित्र काढतो आणि पाच मिनिटांत पुढच्या दालनाकडे वळतो. सांगाडा वाचायला शिकावा, असे मला मनापासून वाटते, आणि बडोद्यात राहणाऱ्याला त्याचा सराव घराजवळच करता येतो. कमाटीबागेतील संग्रहालयात सुमारे 22 मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. हा देवमासा 1944 साली महीच्या मुखाशी आला होता. तो डायनासोर नव्हे, सस्तन प्राणी आहे. पण पाहण्याची पद्धत तीच. आधी कणा धरून डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश चालत जावे. मग पुढच्या वल्ह्यात बोटांची हाडे शोधावीत आणि मागचे पाय कुठे गेले, हा प्रश्न मुलांनाच विचारावा.

डायनासोरसमोर उभे राहिल्यावर पहिली नजर खुब्यावर टाकावी. डायनासोरच्या खुब्यातील मांडीचे हाड बसण्याची खोबण आरपार मोकळी असते, आणि पाय मगरीसारखे बाजूला न पसरता थेट शरीराखाली येतात. ही खूण एकदा डोळ्यांत बसली, की मांडणी कितीही वेगळी असली तरी घोटाळा होत नाही.

दुसरा प्रश्न असा, की समोर दिसते ते खरे हाड आहे की साच्यातून काढलेली प्रतिकृती. उत्तर बहुधा माहितीफलकावर असते, म्हणून तो आधी वाचावा. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात 1905 पासून गाजलेला ‘डिप्पी’ हा डिप्लोडोकस डायनासोरचा सांगाडा पूर्णपणे प्लास्टरचा आहे. मूळ हाडे अमेरिकेत पिट्सबर्गला आहेत. 2017 साली त्याच्या जागी मुख्य दालनात निळ्या देवमाशाचा खरा सांगाडा टांगण्यात आला, हे कमाटीबाग पाहिलेल्या माणसाला विशेष जवळचे वाटेल. उलट शिकागोच्या फील्ड संग्रहालयातील ‘सू’ ही टायरॅनोसॉरस, जी 1990 साली साउथ डकोटात सापडली, तिची बहुतेक हाडे खरी आहेत. मात्र तिची खरी कवटी इतकी जड आहे की ती वेगळ्या पेटीत ठेवून सांगाड्यावर प्रतिकृती बसवावी लागली. प्रतिकृती म्हणजे फसवणूक, असे मुलांना वाटू देऊ नये. हाडाचा आकार त्यातूनही तितकाच नीट कळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सांगाड्याची ठेवण, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. हाडे जमिनीतून मिळतात, परंतु प्राणी कसा उभा राहत होता हे माणूस ठरवतो. बेल्जियममधील बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत 1878 साली इग्वानोडॉन या डायनासोरचे अनेक सांगाडे मिळाले आणि ते शेपटी जमिनीला टेकवून, कांगारूसारखे, उभे करण्यात आले. ब्रुसेल्समध्ये ते आजही तसेच दिसतात. आज मान्य असलेल्या मतानुसार त्यांची शेपटी जमिनीपासून वर, ताठ राहत असे. म्हणून कोणत्याही सांगाड्याची शेपटी जमिनीला टेकलेली दिसली, तर तो केव्हा उभारला ते फलकावर शोधावे.

एवढी तयारी झाल्यावर बालासिनोरजवळच्या रैयोली या डायनासोरचे जीवाश्म मिळालेल्या गावी जावे. बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनासोरची हाडे 1982 ते 1984 या काळात तिथेच गोळा झाली आणि 2003 साली त्याला नाव मिळाले. संपूर्ण सांगाडा मात्र मिळालेला नाही. तेव्हा पूर्णाकृती शिल्प पाहताना हाताशी आलेली हाडे कोणती आणि अंदाजाने भरलेला भाग कोणता, हे फलकावरून ताडून घ्यावे.

तिथे डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म पाहताना गोल आकारावर विसंबू नये, कारण साधा दगडही गोल असतो. तुटलेल्या कडेला कवचाची पातळ, वेगळी दिसणारी कड शोधावी. तिथला दगड उचलून घरी आणू नये, कारण तो कोणत्या थरातून आला हे एकदा हरवले की अभ्यासाच्या दृष्टीने त्याची किंमत जवळजवळ संपते. याच परिसरातील ढोली डुंगरी येथे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात अंड्यांचे एक घरटे मिळाले होते. त्यातली सगळी लहान हाडे डायनासोरच्या पिल्लाची समजली गेली होती. पुढे 2001 साली जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो दगड पुन्हा न्याहाळला, तेव्हा त्यातले काही मणके सापाचे निघाले. अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेल्या त्या सुमारे साडेतीन मीटर लांब सापाला 2010 साली ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव मिळाले.